खाडीतून आणलेलं गोळ्यासारखं फळ घरात फुटलं, बिया सोलापुरात लावू का?

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. इथं झाडाझुडपांतली जाणकार माणसं आहेत म्हणून विचारतोय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात घरच्यांना घेऊन मालवणकडं गेलतो. किल्ला झाला, समुद्र झाला, मग जिथं उतरलो होतो तिथल्या मावशी म्हणल्या की खाडीत होडीनं एक चक्कर मारून या, गर्दी नसते. गेलो. दोन्ही काठाला नुसतं कांदळवन, ओहोटीची वेळ, चिखलावर खेकडे, आणि होडीवाले काका वल्हं मारत मारत लई आत घेऊन गेले, जिथं खाडी अरुंद होते आणि वरून ओढ्याचं गोडं पाणी येऊन मिळतं. तिथं काठाला एक झाड दाखवलं. खोड पेरूसारखं गुळगुळीत, साल तुकड्यातुकड्यानं निघालेली, त्याखाली हिरवट तांबूस ठिपके. मुळं चिखलावर फळीसारखी उभी आणि वळणं घेत लांब गेलेली. फांद्यांना तपकिरी गोळे लोंबत होते, मोठ्या कवठापेक्षाही मोठे. काका म्हणाले, "हीं झाडां आता आमच्या खाडीत दोन-तीनच असत."

खाली चिखलात एक गोळा पडला होता. मुलगी (आठवीला आहे) म्हणली घेऊया, आणि मी घेतला. काका काही बोलले नाहीत, पण गप्प झाले ते नंतर काठाला लागेपर्यंत गप्पच होते. तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही, आता रोज आठवतंय.

घरी आणून कपाटावर ठेवला, वजन किलोच्या आसपास भरलं. तीन आठवड्यांनी एका रात्री जेवताना फट्ट असा आवाज आला, बघतो तर गोळ्याच्या चार फाका झालेल्या आणि आतून ११ बिया बाहेर. गर नाही, पाणी नाही, बिया म्हणजे कोनाकोनाचे लाकडी ठोकळे, प्रत्येकाचा आकार वेगळा. पोरगी दोन संध्याकाळ बसून ते परत एकात एक बसवून गोळा करायला बघत होती, जमलं नाही.

तर प्रश्न असे की हे कुठलं झाड? खरंच एवढं दुर्मिळ आहे का? आणि आपल्याकडं मोठ्या कुंडीत, नाहीतर गावाकडच्या विहिरीपाशी लावलं तर येईल का? मनात असं आहे की तिथं दोन-तीनच उरलीत तर इथं एखादं तरी जगवावं, तेवढीच भरपाई.

भवानी_पेठ

सोप्पंय ओ, कैलासपती आहे. तोफेच्या गोळ्यासारखं फळ म्हणजे तेच, देवळाच्या आवारात लावतात. बिनधास्त लावा, येतंय आपल्याकडं.

बाई_वनस्पतीवाल्या

भवानी पेठ दादा, कैलासपती नाही हे. कैलासपतीची फळं थेट खोडावर लागतात, फोडलं की आत गर असतो आणि त्याचा वास घरात थांबू देत नाही, बिया बारीक बारीक आणि भरपूर. इथं गरच नाही. गोंधळ होतो कारण इंग्रजीत दोन्हीला तोफगोळ्याचं नाव आहे. काहीजण समुद्रफळ म्हणतील पण तेही नाही, समुद्रफळाचं फळ लहान आणि चौकोनी धारांचं असतं.

सोलापूरकर, तुम्ही खोडाचं आणि मुळांचं जे वर्णन केलंय त्यावरून हे झायलोकार्पस ग्रॅनॅटम. फळीसारखी वळत जाणारी मुळं, पेरूसारखी साल आणि कोड्यासारख्या एकमेकांत बसलेल्या बिया, तिन्ही गोष्टी एकत्र दुसऱ्या कुठल्या कांदळात मिळत नाहीत. मी सोलापुरात २२ वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवते, ह्याचं वाळलेलं फळ फक्त एकदा हातात घेतलंय, आणि झाडाखाली उभं राहायला मला मुद्दाम अंदमानला जावं लागलं. तुम्ही घरच्यांसोबत सहज बघून आलात, ह्याचं मोल तुम्हाला कळावं म्हणून सांगतेय.

आता आपल्या माणसांना जवळचं वाटेल असं. हे झाड कडुनिंबाच्या कुळातलं आहे. कडुनिंब, बकाण, महोगनी आणि हे, सगळी मेलिएसी कुळातली भावंडं. कडुनिंबाच्या कडूपणामागं लिमोनॉइड गटातली जी द्रव्यं असतात, त्याच गटातली द्रव्यं ह्याच्या फळात आणि सालीत सापडतात. म्हणजे आपल्या दारात चाळीस-बेचाळीस डिग्रीत उभं राहणारं कडुनिंबाचं झाड आणि खाडीच्या चिखलात पाय रोवून उभं हे झाड, एकाच घरातली दोन लेकरं, एकानं माळ धरला आणि एकानं खाडी. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा वर बघतात.

आणि नावातलं ग्रॅनॅटम म्हणजे तेच जे आपल्या डाळिंबाच्या नावात आहे, प्युनिका ग्रॅनॅटम. भरपूर दाणे असलेलं, असा अर्थ. कोनिग नावाच्या शास्त्रज्ञानं १७८४ साली हे नाव दिलं. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या केगावला आहे, म्हणून मुलीला सांगा की तुझ्या ठोकळ्यांचं आडनाव सोलापूरचंच आहे.

दुर्मिळ आहे का, तर जगाच्या हिशोबानं नाही. पूर्व आफ्रिकेपासून पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत आहे, सुंदरबनात आणि अंदमानातही आहे. पण आपल्या पश्चिम किनाऱ्यावर फार म्हणजे फारच थोडं, महाराष्ट्रात तर बोटावर मोजण्याइतक्या ठिकाणी. त्यामुळं जगाच्या यादीत धोका नाही असं लिहिलेलं वाचून कुणी निवांत होऊ नका. आपल्या किनाऱ्यावरून गेलं की आपल्यापुरतं ते गेलंच.

लावायचं का ह्यावर उद्या लिहिते, पेपर तपासायचेत.

खाडीकाठी

मी मालवण तालुक्यातलाच. सगळ्यात आधी, तुम्ही खाडीचं नाव लिहिलं नाहीत हे फार बरं केलंत, आणि कुणी विचारलं तरी लिहू नका. दुर्मिळ झाडाचा पत्ता पसरला की आधी फोटोवाले येतात, मागाहून औषधासाठी साल खरवडणारे येतात. साल गोल काढली की झाड उभ्या उभ्या वाळतं.

काका गप्प का झाले ते मी सांगतो. राग नसणार तो. आमच्याकडे जुनी माणसं ह्या झाडाखालचं फळ उचलत नाहीत, पुढच्या उधाणाला ते आपणच तरंगत जाईल आणि कुठेतरी काठाला लागेल म्हणून सोडतात. पडलेल्या दहा फळांतल्या बियांपैकी बऱ्याचशा खेकडे खातात, काही अळीनं पोखरतात, काही समुद्रात निघून जातात, आणि एखादी नेमक्या उंचीच्या चिखलावर अडकून उभी राहते. दोन-तीनच झाडं असली की एका फळाचाही हिशोब लागतो.

आता कमी का झालं. लोकांना वाटतं तोडलं म्हणून. तोडलंही, लाकूड महोगनीसारखं लालसर आणि टिकाऊ, होडीच्या कामाला चालायचं, आणि साल उकळून त्या पाण्यात जाळी बुडवायचे, सुती जाळी होती तेव्हा, म्हणजे ती कुजत नसत. नायलॉन आल्यावर ते थांबलं. पण खरं कारण जागेचं आहे. तिवर, कांदळ ही झाडं खाडीच्या पुढच्या अंगाला, रोज दोनदा पाण्यात बुडणारी. हे झाड उभं राहतं मागच्या कडेला, जिथं उधाणाची मोठी भरती पोचते आणि भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती पोचत नाही, थोडं खारं थोडं गोडं. आणि माणसाला काही करायचं असलं की तो नेमका त्या कडेपासूनच सुरुवात करतो. खारबंधारा तिथंच, रस्ता तिथंच, भराव तिथंच, कोळंबीचं तळं तिथंच. बंधारा घातला की आतल्या बाजूला भरती येत नाही, जुनं झाड काही वर्षं तग धरतं पण त्याच्याखाली नवीन रोप उगवत नाही. पुढे समुद्राची पातळी वाढली तर कांदळवनाला मागं सरकावं लागेल, आणि मागं भिंत आहे.

माझ्या वडिलांनी सांगितलेल्या पाच जागांपैकी दोन मी स्वतः शोधल्या, तिथं आता भराव आहे. कुणाचं नाव घेत नाही.

मोहोळ_शेतकरी

राम राम. विषय वाचून बसलोय तासभर. माझा प्रश्न वेगळाच आहे, रागवू नका. आमच्याकडं कॅनॉलचं पाणी आल्यापासून उसाला पाणी देऊन देऊन दोन एकर रान पार चोपण झालंय, उन्हाळ्यात वरती मीठ पांढरं फुटतंय, काहीच येत नाही. जे झाड खाऱ्या पाण्यात येतंय ते खारवट रानात का येणार नाही? आलं तर माझं रान पण कामाला लागंल आणि तुमचं झाड पण वाचंल.

बाई_वनस्पतीवाल्या

दादा, रागवायचं काय त्यात, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे आणि माझ्या वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतंच.

कांदळवनातली झाडं मीठ मागत नाहीत, सोसतात. बरीचशी गोड्या पाण्यातसुद्धा वाढतात, पण गोड्या पाण्याच्या काठाला इतर झाडंच त्यांना जागा देत नाहीत, म्हणून जिथं दुसरं कुणी टिकत नाही तिथं ती उभी राहिली. प्रत्येकाची मीठ सोसायची तऱ्हाही निराळी. तिवराच्या पानाला जीभ लावलीत तर खारट लागेल, कारण ते आत आलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. झायलोकार्पस तसं करत नाही, मुळाशीच जमेल तेवढं मीठ अडवतं.

पण ह्या सगळ्याच्या मागं भरती-ओहोटी असते. साधारण साडेबारा तासांनी पाणी वर येतं आणि साचलेलं मीठ धुऊन नेतं, चिखल ओला ठेवतं. तुमच्या रानात उलटं होतंय, पाणी खाली निचरत नाही, वरचं ऊन ते ओढून घेतं आणि मीठ वरती सोडून देतं, ते धुवायला कुणी येत नाही. एप्रिल-मे मध्ये तुमच्या रानात खाडीच्या पाण्यापेक्षाही वाईट अवस्था होते, वर भेगा पडतात. हे झाड तिथं एक उन्हाळा काढणार नाही. तुमच्या रानाला चर काढून निचरा, हिरवळीचं खत म्हणून ताग-धैंचा, आणि माती तपासून जिप्सम, हाच रस्ता आहे. माती परीक्षण केल्याशिवाय जिप्सम टाकू नका, आणि चराचं पाणी नेऊन सोडायला जागा आहे का ते आधी बघा.

सोलापूरकर, तुमच्या कुंडीचं उत्तरही ह्यातच आलं. खूप जपलंत तर रोप वर्ष-दोन वर्षं हिरवं दिसेल, पण त्याला फुलं कधी येणार, त्यावर कोण येणार, बी पडलं तर कुठं जाणार?

भवानी_पेठ

बाई, चूक झाली, कैलासपती मागं घेतो. पण मग हिप्परग्याच्या नाहीतर कंबर तलावाच्या काठाला लावलं तर? तिथं पाणी बारा महिने आहे.

बाई_वनस्पतीवाल्या

नको दादा. कंबर तलावात जलपर्णी किती वर्षं काढतोय आपण? तीही फुलं सुंदर दिसतात म्हणून दक्षिण अमेरिकेतून हौशीनं आणलेली. हे झाड तसं पसरणार नाही, मान्य, पण एका ठिकाणचं जगवायला म्हणून दुसऱ्या ठिकाणी नेऊन लावायचं ही सवयच धरू नये. तलावाचा काठ तलावाच्या झाडांचा आणि पक्ष्यांचा.

नान्नजचा_माळ

इथं बोलणार नव्हतो, पण भरपाईचं वाचलं आणि राहवलं नाही.

मी लहानपणापासून नान्नजच्या माळावर फिरतोय. वडील माळढोक बघायला घेऊन जायचे, सकाळी सहाला, दुर्बीण एकच, आळीपाळीनं. १९७९ साली अभयारण्य झालं, कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर, पुढं ते कितीतरी कमी केलं. मधल्या काळात माळ म्हणजे रिकामी जागा असं धरून त्यावर झाडं लावायची लाट आली, लावणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हिरवं करायचं होतं. पण माळढोकाला झाडी नको असते, त्याला लांबवर दिसणारं मोकळं गवत लागतं, मादी बहुतेक एकच अंडं घालते तेही उघड्यावर जमिनीवर. झाडी आली, शेतं आली, तारा आल्या, पाणी आलं, ऊस आला. पक्षी कमी होत होत गेला. शेवटी शेवटी एक दिसला तरी आम्ही आठवडाभर एकमेकांना फोन करायचो.

सातबाऱ्यावर आमच्या माळाला पडीक लिहायचे. खाडीकाठी भाऊ, तुमच्या खाजणाला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीला, काय लिहितात मला माहिती नाही, पण मी पैज लावतो की असलाच एखादा शब्द असणार. जिथं पीक नाही ते पडीक, आणि पडीक म्हणजे कशाला तरी वापरून टाकायचं. तुमचं झाड खाडीच्या त्या मागच्या कडेला आहे म्हणलात ना, उधाणाचं पाणी पोचतं तिथं, ती कडा म्हणजे तुमचा माळ. ती राहिली तर झाड राहील. कडा गेल्यावर सोलापुरात शंभर कुंड्या जगल्या तरी मला त्यात समाधान वाटणार नाही, आम्ही हे भोगलंय.

सोलापूरकर, तुम्हाला दुखवायला लिहिलं नाही. तुमच्यासारखं वाईट वाटून घेणारी माणसं तेव्हा नान्नजला जास्त असती तर बरं झालं असतं.

खाडीकाठी

पैज जिंकलात. पडीक खाजण असंच म्हणतात.

कायद्याचं थोडं सांगतो कारण आमच्या गावातच बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये कांदळवन तोडायला बंदी घातली आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्टच सांगितलं की कांदळवन नष्ट करणं म्हणजे घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कावर घाला, आणि भोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम किंवा राडारोडा टाकायला मनाई. हे ५० मीटर ह्या झाडासाठी फार मोलाचे, कारण ते उभंच त्या बाजूला असतं. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे, २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष जाहीर झाला, असं करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य.

क्षेत्रही वाढलंय. देशाच्या वन अहवालात महाराष्ट्राचं कांदळवन २०१३ ला १८६ चौरस किलोमीटर होतं ते २०१९ ला ३२० झालं. मला त्याचा आनंद आहे, पण तो आकडा हिरवं किती ते सांगतो, कुठलं झाड किती ते सांगत नाही. लागवड करायची म्हटलं की जे पटकन येतं ते लावतात. कांदळाच्या लांब शेंगा चिखलात नुसत्या खोचल्या की झालं, तिवरही जोमानं येतं. झायलोकार्पसच्या बिया मिळवायच्या, खेकड्यांपासून राखायच्या, नेमकी उंची बघून लावायच्या, शेंडा पोखरणारी अळी सांभाळायची, हे सगळं चिकाटीचं काम. त्यामुळे ३२० मध्ये ह्या झाडाची सावली किती, विचारू नका.

एक चांगलं चित्र पण बघा. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून लोकांना कांदळवन दाखवतात, प्रत्येक झाडाचं नाव सांगतात. ज्या खाडीतून चार पैसे घरात येतात त्या खाडीत भराव पडताना गाव गप्प बसत नाही, हे मी डोळ्यानं बघितलंय. म्हणून पुढच्या वेळी आलात की होडीनंच फिरा, काकांना पूर्ण पैसे द्या, घासाघीस करू नका.

आणि हो, ही बरीच कांदळवनं आता वन म्हणून जाहीर आहेत, तिथून फळ काय पानसुद्धा परवानगीशिवाय नेता येत नाही. तुम्हाला माहीत नव्हतं, आता झालं.

जुळे_सोलापूरकर

सगळं दोनदा वाचलं, बायकोला आणि मुलीला वाचून दाखवलं. नान्नजवाले दादा, दुखवलं वगैरे काही नाही, उलट डोक्यातली गाठ सुटली. कुंडीचा विषय बंद.

पण बियांचं काय करू? ११ आहेत. परत पाठवता येतील का, की तीन आठवड्यांत मेल्या असतील? कुरिअर करू का कांदळवन कक्षाला? मुलगी म्हणतेय आपण स्वतः जाऊन काकांना देऊ, पण सुट्टी मिळायला दोन महिने लागतील.

बाई_वनस्पतीवाल्या

दोन महिने थांबू नका. कडुनिंबाचं बी कसं ताजं असतानाच उगवतं, ठेवून दिलं की जातं, तशातलंच हे, वाळलं की संपलं. तुमचं फळ फुटेपर्यंत बंद होतं ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट, आत ओल राहिली असेल. आजच्या आज बिया जुन्या बारदानात गुंडाळा, बारदान ओलं पण पाणी टपकणारं नको, सावलीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका. आधी प्रत्येक बी हातात फिरवून बघा, बारीक छिद्र किंवा भुस्सा दिसला तर त्यात अळी आहे, ते बाजूला काढा. अळीवालं बी परत खाडीत पाठवायचं नाही.

खाडीकाठी

आणि स्वतः कुठंही टाकायला जाऊ नका, कुरिअरही नको, उन्हात गोदामात चार दिवस पडलं की खेळ खलास. तुम्ही मला वैयक्तिक निरोपात खाडीचं नाव कळवा. ज्या खाडीतलं बी त्याच खाडीत गेलं पाहिजे. मी आमच्याकडच्या वनकर्मचाऱ्याशी आज बोललो, ते म्हणाले आणून द्या, आम्ही रोपवाटिकेत पिशवीत लावू, रोप गुडघाभर झालं की मूळ झाडाजवळच्या काठाला लावू. तिथली रोपवाटिका खाडीतच असते, भरतीचं पाणी येऊन पिशव्या भिजवून जातं. इकडे येणारं कुणी ओळखीचं असेल तर बघा.

मोहोळ_शेतकरी

बाई, तालुक्याला माती तपासायला देऊन आलो. आणि सोलापूरकर भाऊ, बारदान नसंल तर सांगा, माझ्याकडं ढीग आहे.

जुळे_सोलापूरकर

बारदान मिळालं दादा, आभारी आहे.

ताजी खबर अशी की ११ पैकी दोन बियांना छिद्रं निघाली, त्या बाईंच्या महाविद्यालयात देतोय, तापवून निर्जंतुक करून संग्रहात ठेवणार म्हणल्या. उरलेल्या नऊ बारदानात. आज सहावा दिवस, आणि सकाळी मुलीनं ओरडून उठवलं, एका ठोकळ्याच्या कडेला भेग पडून आतून बोटाच्या पेराएवढं पांढरं मूळ आलंय. घरातल्या कुणालाच कामाला जावंसं वाटेना.

मेहुणे गुरुवारी रात्रीच्या एसटीनं कणकवलीला चाललेत, बिया त्यांच्याकडं देतोय, खालून भोकं पाडलेल्या लाकडी खोक्यात. मुलीनं काकांना चिठ्ठी लिहिलीय ती पण त्यातच आहे, तुम्हाला काका सापडले तर द्या, नाव माहिती नाही, होडी निळी आहे आणि वल्ह्याला लाल फडकं बांधलंय.

खाडीकाठी

ओळखले, आमच्याच वाडीतले. शुक्रवारी सकाळी मी कणकवली स्टँडवर येतो. मूळ आलेलं बी वरच्या थरात ठेवा, मूळ मोडू देऊ नका, आणि मेहुण्यांना सांगा वाटेत गाडी थांबेल तिथं बारदानावर हातानं पाणी शिंपडायचं, फार नको. येत्या अमावास्येला उधाण आहे, त्याच्या आधी पिशव्यांत लागलेल्या असतील.